निद्रिस्त डोंगराची सोपी वाट

ज्वालामुखी बघायला जायचं असं मी मुळात ठरवलंच नव्हतं. मी फक्त रविवारी कुठेतरी जायचं ठरवलं होतं. त्या काळी मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत असे. शहराच्या पोटातून कोणता नळ कुठून कुठे जातो ते निळ्या शाईने कागदावर दाखवायचं, हे माझं काम. आठवडाभर जमिनीच्या आतलं बघणाऱ्या माणसाला रविवारी जमिनीच्या वरचं काहीतरी बघावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? त्यात बसच्या थांब्यावर एक जाहिरात चिकटवलेली होती. काळा डोंगर, निळं आकाश आणि टोप्या घातलेलं एक कुटुंब. कुटुंबातला प्रत्येक जण हसत होता. खाली लिहिलं होतं : 'ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर. सोपी पायवाट. लहानथोर सर्वांसाठी.'

'सोपं' हा शब्द छापलेला दिसला की त्या वयात मी लगेच विश्वास ठेवायचो. 'जोडायला सोपं' असं लिहिलेलं एक कपाट मी एकदा घरी आणलं होतं. ते दारासारखं दिसणारं जे काही आहे ते खरंच त्याचं दार आहे की पाठ, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पण ते असो.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "रविवारी जरा ज्वालामुखी बघून यावं म्हणतो."

'रविवारी जरा बागेत जाऊन यावं' अशा सुरात मला हे म्हणायचं होतं, आणि ते तसं म्हटलंही गेलं. पण समोर सासरे बसले होते. माझे सासरे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आग्रह करून आमच्याकडे आणलं होतं. आजूबाजूचे सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणायचो. त्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"कोणता?" सरांनी विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"शंकूच्या आकाराचा की ढालीच्या?"

"डोंगरच आहे," मी म्हणालो. "काळा."

"काळा," ते स्वतःशीच म्हणाले आणि पाणी प्यायले. त्यांच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांना आयुष्यात काय काय सोसावं लागलं असेल, याची मला त्या क्षणी कल्पना आली.

जेवणं झाल्यावर आमच्या हिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देत असल्यामुळे घरी ती मोजकंच बोलायची, पण बोलली की ते लागायचं.

"बाबांनी अजून एकही ज्वालामुखी पाहिलेला नाही," ती भांडी विसळता विसळता म्हणाली.

"एकही? जन्मभर शिकवले की!"

"शिकवायला बघावा लागत नाही. एकदा शाळेची सहल ठरली होती. गाडीत एक जागा कमी पडली म्हणून बाबा उतरले आणि चित्रकलेचे मास्तर गेले. येताना त्यांनी समुद्राचं चित्र काढून आणलं." तिने नळ बंद केला. "आणि पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे."

ते मला माहीत होतं. सरांचा एक डोळा पूर्वीच गेला होता आणि दुसऱ्यावर पडदा चढत चालला होता. ऑपरेशन करून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण 'दिसेल ना नक्की?' असं विचारल्यावर ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले होते.

"म्हणजे त्यांनाही न्यायचं," मी म्हणालो.

"त्यांनाही नाही. त्यांना न्यायचं. आपण नुसतं बरोबर जायचं."

इतका लहानसा बेत होता. तीन माणसं, एक डोंगर. तो आमच्या उंबऱ्याच्या आत राहिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मला कर्नल भेटले.

कर्नल आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. ते सैन्यात कधीच नव्हते. बसच्या आगारात सुट्या भागांचं कोठार सांभाळून निवृत्त झाले होते. पण मिशा अशा होत्या आणि जिना अशा ताठ चालीने उतरायचे, की ही पदवी त्यांना कोणी दिली हे शोधायची गरज कुणालाच वाटली नाही.

"सोपी वाट?" ते म्हणाले. "सोपी वाट सगळ्यात वाईट. अवघड वाटेवर माणूस जपून चालतो, सोप्या वाटेवर गप्पा मारतो आणि पडतो. बूट कोणते घालणार?"

"आहेत की. ऑफिसचे."

कर्नलनी डोळे मिटले. एखाद्या घरी समाचाराला गेल्यावर मिटावेत तसे. मग मला हाताला धरून दुकानात नेलं आणि बूट घ्यायला लावले. बूट कसले, दोन छोटी इंजिनंच होती ती. उभं राहिलं की मी चांगला उंच दिसायचो, चालायला लागलं की इमारतीला कळायचं.

"आता सराव," कर्नल म्हणाले. "रोज सकाळी जिना चढायचा, उतरायचा. पाठीवर वजन घेऊन."

वजन म्हणून मी ऑफिसातले नळाच्या सांध्यांचे जुने जाडजूड कॅटलॉग पिशवीत भरले. पहाटे उठून, खाली पायजमा, पायात ते बूट आणि पाठीवर ती फुगलेली पिशवी अशा थाटात मी वर-खाली करायला लागलो. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दार उघडून बघायचे, मला बघून लगेच दार लावून घ्यायचे. समोरच्या दारातल्या डेंटिस्टबाईंनी हा प्रकार काही दिवस बघितला आणि एका संध्याकाळी हिला बाजूला घेतलं.

"मध्ये पडते म्हणून रागावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुमचे यजमान रोज पहाटे सामान घेऊन घर सोडून जातात, ते मी बघते. काही भांडण असेल तर मी बोलू का त्यांच्याशी?"

"जातात कुठे?" ही म्हणाली. "परत येतात. तीच तर अडचण आहे."

मग खरा प्रकार कळल्यावर डेंटिस्टबाई एकदम खुलल्या. त्यांना म्हणे कॉलेजात असताना डोंगर चढायचा फार नाद होता. नंतर दवाखाना, संसार, लोकांच्या दाढा. "मीही येते," त्या म्हणाल्या. "फक्त तोंड मिटून चाला. गंधकाच्या वाफेने दातात भरलेलं सिमेंट सैल होतं." असं खरंच होतं का हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून डोंगराचा विचार मनात आला की माझी जीभ आपोआप मागच्या दाढेवर जाते.

डेंटिस्टबाई येणार म्हटल्यावर कर्नल कसे मागे राहतील? "कुणीतरी नेतृत्व करायला हवं," ते म्हणाले. आणि इथे आमचा सरकारशी संबंध आला. कारण घरचीच माणसं असली तर ती सहल, पण बाहेरचं माणूस बरोबर आलं की त्याचा 'गट' होतो, आणि गटाला वनखात्याचा परवाना लागतो. हे मला बसच्या थांब्यावरच्या त्या हसऱ्या कुटुंबाने सांगितलं नव्हतं.

परवान्याला मी एकटाच जाणार होतो. पण सर म्हणाले, "मी येतो. डोंगराची थोडी माहितीही मिळेल." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. डोंगराच्या खात्यात जायचं म्हणजे त्यांना सोयऱ्यांकडे जाण्यासारखं वाटत होतं.

खिडकीमागे बसलेल्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवला. "डोंगराचा प्रकार : मृत ज्वालामुखी. भेटीचं कारण : बघणे. इथे ज्येष्ठ सभासदाची सही."

सरांनी कागद डोळ्याच्या अगदी जवळ नेला. मग खाली ठेवला.

"मृत?" त्यांनी विचारलं.

"मृत."

"कशावरून?"

"कागदावरून," गृहस्थ म्हणाले. "आणि आमच्या नोकरीत तर तो कधी फुटला नाही."

"तुमच्या नोकरीवरून ज्वालामुखीचं वय ठरत नसतं. मला सांगा, तळाशी भेगांतून वाफ येते का?"

"थंडीत येते थोडीशी. पण त्रास काही नाही तिचा."

"मग तो मृत नाही. निद्रिस्त आहे. जागृत, निद्रिस्त आणि मृत, असे तीन प्रकार. मृत लिहिणाऱ्यांचे मी आयुष्यभर मार्क कापलेत. आता मीच मृत म्हणून सही करू?"

रांगेतले मागचे लोक पुढे वाकून बघायला लागले. मी सरांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "सर, आपल्याला फक्त वर जायचंय. कागदावर तो काय का असेना."

सर माझ्याकडे वळले. "झोपलेल्या माणसाला तुम्ही मेला म्हणून सही द्याल?"

मी बुटांकडे बघितलं. सरावासाठी मी ते हल्ली सगळीकडे घालून जात होतो.

खिडकीमागचे गृहस्थ मात्र जराही चिडले नाहीत. "तुम्हाला निद्रिस्त हवा असेल तर निद्रिस्त मिळेल," ते दुकानदाराच्या आवाजात म्हणाले. "पण निद्रिस्त आमच्याकडे नसतो. आमच्याकडे फक्त मेलेले. निद्रिस्त आपत्ती निवारण कार्यालयाकडे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला."

आपत्ती निवारण कार्यालय एका लांबलचक बोळाच्या शेवटी होतं. तिथे एक किडकिडीत, गंभीर चेहऱ्याचे अधिकारी बसले होते. आम्ही आत गेलो तेव्हा ते उठून उभे राहिले. तिथे आपणहून कोणी येत नसावं. संकट येईपर्यंत लोकांना त्या कार्यालयाची आठवण होत नाही, आणि संकट आल्यावर कार्यालय सापडत नाही. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, सरांचं निद्रिस्त-मृत प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं. हेच मी वर किती वेळा कळवलं!"

सर प्रसन्न झाले. मला वाटलं, काम झालं.

"आता सुटकेचा आराखडा द्या," अधिकारी म्हणाले. "डोंगर जागा झाला तर कोण कुठून पळणार?"

हे मात्र माझ्या हातातलं काम होतं. मी एक संध्याकाळ बसून निळ्या शाईत सुरेख नकाशा काढला. वाट, वळणं, पायथा, गाडी उभी करायची जागा, आणि ठिकठिकाणी बाण. अधिकाऱ्यांनी तो प्रकाशात धरला.

"हे बाण कशाचे?"

"प्रवाहाची दिशा," मी सवयीने म्हणालो.

"लाव्ह्याच्या की माणसांच्या?"

मी बघितलं. दोघंही एकाच वाटेने खाली येत होते. नळात हे चालतं.

"दोघांना वेगळ्या वाटा द्या," ते म्हणाले. मी दिल्या. मग त्यांनी कर्नलची नेमणूक पायथ्याशी केली : वरून काही धोका दिसला तर गाडी घेऊन तडक निघायचं आणि मदत आणायची. मग त्यांनी पेनाचं टोक सरांकडे केलं.

"आणि यांना कोण उचलणार?"

"मी चालतो," सर म्हणाले.

"साहेब, उद्रेकात चालून भागत नाही. यांना कोण उचलणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे अधिकारी, सर आणि दारात उभा असलेला शिपाई. मी म्हणालो, "मी उचलेन."

"उचलून दाखवा."

आता हा प्रसंग मी इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगितलेला नाही. त्या सरकारी बोळातून मी माझ्या सासऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्याच्या माठापर्यंत गेलो आणि परत आलो. सरांचा चष्मा माझ्या मानेत रुतत होता आणि बूट प्रत्येक पावलाला बंदुकीसारखे वाजत होते. खोल्याखोल्यांतून माणसं डोकावली. एका बाईंनी हळहळून विचारलं, "काय झालं हो म्हाताऱ्यांना?" आणि माझ्या पाठीवरून सर अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "काही नाही. ज्वालामुखी."

परवाना मिळाला. 'निद्रिस्त' असा ठसठशीत शिक्का मारून मिळाला. बसमध्ये घरी येईपर्यंत सर तो पुन्हा पुन्हा डोळ्याजवळ नेऊन वाचत होते, आणि मी सरळ बसू शकत नव्हतो.

अखेर रविवार उगवला. भाड्याच्या गाडीतून आम्ही पाच जण पायथ्याशी उतरलो. सरांच्या पायात त्यांचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट होते. शाळेच्या कवायतीला घालायचे तेच. हिच्या पायात रोजच्या चपला. डेंटिस्टबाईंनी कुठूनतरी काठी काढली होती आणि त्या उतरल्या उतरल्या चालायलाही लागल्या. कर्नलनी डोंगराकडे मान वर करून पाहिलं. मान बरीच वर करावी लागली.

"आराखडा म्हणजे आराखडा," ते म्हणाले. "मी तळ राखतो." आणि ते गाडीच्या सावलीत आमच्या सगळ्यांच्या पिशव्यांवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती : सोपी पायवाट. मला वाटतं ती पाटी लावणारा तिथूनच परत गेला असावा. पुढे नुसती काळी, सुटी, करकरणारी खडी होती. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे यायचं. माझे बूट जिन्याला सरावले होते, आणि डोंगराला पायऱ्या नव्हत्या. पहिल्याच चढावर टाचेला फोड आला. मग दुसऱ्या टाचेलाही वाईट वाटलं असावं.

सर मात्र मजेत होते. थोडं चालायचे आणि थांबायचे. दम लागला म्हणून थांबतात असं वाटून मी पाणी पुढे करायचो, तर ते खाली वाकून दगडाला जवळजवळ नाक लावून असायचे.

"हे बघा. दोरखंडासारखा पीळ पडलाय. वरचा थर घट्ट होत होता तेव्हा आतला अजून वाहत होता. साय गोळा होते ना दुधावर, तशी." ते त्या पिळावरून तळवा फिरवायचे, हळूहळू, लहान मुलाच्या केसांवरून फिरवावा तसा. मग म्हणायचे, "चला."

दमही लागतच होता. पण तो लपवायला त्यांच्याकडे सगळा भूगोल होता. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी उघडपणे धापा टाकत होतो.

असं करत करत आम्ही कड्यावर पोचलो, आणि समोर काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. ज्वालामुखीचं तोंड ढगाने काठोकाठ भरलेलं होतं. पांढरं, मऊ, गच्च. कुणीतरी भलंमोठं भांडं दुधाने भरून ठेवल्यासारखं. आमच्या आधी आलेली माणसं त्या पांढऱ्याचेच फोटो काढून उतरायला लागली होती.

सर कड्याजवळच्या एका दगडावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "असतं असं. उंचावर गार हवा लागली की बाष्प..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. त्यांनी एखादं स्पष्टीकरण अर्धं सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी घड्याळाकडे बघितलं. गाडी परत न्यायची वेळ होत आली होती. "निघावं का?" मी हिला हळूच विचारलं. "कर्नल वाट बघत असतील."

"थांबायचं," ही म्हणाली.

"अगं, पण..."

"लाइन लागत नाही म्हणून लगेच फोन ठेवून द्यायचा नसतो." ती सरांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावर आपली शाल टाकली. डेंटिस्टबाईही बसल्या. "आमच्याकडे तर लोक वेदना होत असतानाही थांबतात," त्या म्हणाल्या. मी बूट काढले आणि मोज्यांवर बसलो.

किती वेळ बसलो कोण जाणे. वारा फिरला असावा. एका बाजूचं पांढरं पातळ झालं, मग फाटलं, आणि बघता बघता आमच्या पायांखाली एक प्रचंड वाडगा उघडा झाला. तांबूस भिंती, कुठे पिवळ्या रेघा, तळाला काळं आणि त्यातच कुठेतरी अगदी कोवळं हिरवं. इतकं शांत होतं की खूप खाली एक खडा घरंगळला तोही ऐकू आला.

सरांनी मान पुढे काढली, जरा तिरकी केली, चांगला डोळा समोर आणला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते काहीतरी पाठ म्हणतायत.

"बाजू मी फार उभ्या काढत होतो," ते म्हणाले. "फळ्यावर. इतक्या उभ्या नसतात. बघ ना, किती निवांत उतरत गेल्यात."

मग ते माझ्याकडे वळले. "वाफ आहे का रे? मला तेवढं बारीक दिसत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. सर मला कधी 'अहो' सोडून बोलले नव्हते. रागावले तरी 'तुम्ही', आजारी पडले तरी 'तुम्ही'. माझ्या पाठीवर बसूनही त्यांनी मला 'तुम्ही जरा डावीकडून चला' असंच सांगितलं होतं. मी उठलो, कड्यापाशी गेलो आणि आयुष्यात कुठलाही नळ शोधला नसेल इतक्या नेटाने मी ती वाफ शोधली. खोटं सांगायचं नव्हतं, आणि नाही असंही सांगायचं नव्हतं. आणि मग दिसली. खरंच दिसली. पलीकडच्या भिंतीशी, एका भेगेतून, चहाच्या कपावर असते तेवढी.

"आहे, सर. तळाला. बारीक आहे, पण आहे."

"म्हणजे निद्रिस्त."

"निद्रिस्त," मी म्हणालो.

"मग चल," ते उठत म्हणाले. "हात दे. खाली जाऊ."

माझा हात धरून ते त्या वाडग्यात उतरले. मी मोज्यांवर, ते कवायतीच्या बुटात, पुढे काठी घेऊन डेंटिस्टबाई आणि मागून माझे बूट हातात घेतलेली ही. तळाशी जाऊन त्यांनी भेगेजवळच्या दगडावर हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. दगड कोमट होता. उन्हाने नव्हे. आतून.

पुढच्या महिन्यात सरांचं ऑपरेशन झालं. डोळा वाचला असं डॉक्टर म्हणाले. पण वाचला तो उजेड आणि अंधार कळण्यापुरता. त्यानंतर सर आमच्यात बरीच वर्षं होते. घरी कोणी आलं की खुर्ची पुढे ओढून त्या डोंगराच्या बाजू कशा उतरत गेल्यात ते हाताने हवेत काढून दाखवायचे, आणि हात अगदी निवांत फिरायचा. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पायथ्याशी आलो, तर तिथे गाडी नव्हती, कर्नल नव्हते आणि आमच्या पिशव्याही नव्हत्या.

झालं असं की, खालून कर्नलना डोंगराच्या माथ्यावर पांढरे लोट दिसले होते. ढग म्हणावं तर ढग, धूर म्हणावं तर धूर. पण त्यांच्या हातात शिक्क्याचा आराखडा होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं : धोका दिसताच गाडी घेऊन निघावे. ते निघाले. थेट आपत्ती निवारण कार्यालयावर जाऊन त्यांनी दार ठोठावलं. रविवार असल्याने ते बंद होतं. नंतर अधिकाऱ्यांना हे कळलं तेव्हा ते रागावणं दूरच, उलट भारावून गेले. त्यांच्या नोकरीत एखादा आराखडा कोणी पाळल्याची ही पहिलीच वेळ होती.

आम्ही मात्र त्या सुनसान रस्त्यावर उभे होतो. माझे पाय बुटात जात नव्हते. शेवटी खाणीवरून खडी घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरने ट्रक थांबवला. सरांना त्याने पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि आम्ही तिघं मागे खडीच्या ढिगावर चढलो. खडी दिवसभराच्या उन्हाने ऊबदार झाली होती. त्यात जरा हालचाल केली की अंगाच्या मापाचा खड्डा पडायचा, आणि एकदा पडला की कुठल्याही गादीपेक्षा बरा वाटायचा. डेंटिस्टबाई काठी छातीशी धरून चक्क घोरायला लागल्या. तोंड उघडं टाकून. हिने माझे मोजे काढले, टाचा बघितल्या आणि माझे पाय आपल्या मांडीवर घेतले. वर आकाश जांभळं होत होतं.

पुढच्या काचेमागून सरांचा आवाज येत होता. शब्द नीट कळत नव्हते, पण चढ-उतार कळत होता. प्रश्न, मग थांबणं, मग ड्रायव्हरचं काहीतरी उत्तर, मग सरांचं "बरोबर! आणि का?"

"ऐकतोयस?" ही म्हणाली. चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची, पण तिथे चारचौघं नव्हते. "हा बाबांचा वर्गातला आवाज आहे. मी विसरलेच होते."

अंधार पडायच्या सुमारास ट्रक एका तिठ्यावर थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "शहर इकडे," तो मोठ्याने म्हणाला. "इथून बस मिळेल तुम्हाला. मी सरळ जाणार, नदीवर. पुलाचं काम चाललंय, तिथे खडी टाकायचीय."

मी खडीतून उठायला लागलो. सकाळी ऑफिस होतं, टाचा फुटल्या होत्या आणि पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात पुढून सरांचा आवाज आला.

"नदीने तिथे दगड कापलाय का हो?"

"कापलाय म्हणजे? सरळ भिंत आहे. थरावर थर."

"थर दिसतात?"

"दिव्याच्या उजेडात आणखी छान दिसतात. रोज बघतो."

इंजिन घुरघुरत होतं. मग सर काचेतून मागे वळून बघायला लागले. आम्ही त्यांना दिसत नव्हतो, पण ते आमच्याच दिशेने बघत होते.

"बाबा," ही ओरडली, "उशीर झालाय!"

सर तसेच बघत राहिले. डेंटिस्टबाई जाग्या झाल्या, तिठ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि काठी पुन्हा छातीशी धरून आडव्या झाल्या. हिने माझ्याकडे बघितलं. मी खडीत आपला खड्डा शोधला आणि परत त्यात बसलो. मग तिने ट्रकच्या टपावर दोनदा थाप मारली, आणि ट्रक सरळ गेला.